नागपुरातल्या मनपा शाळांना छोट्या ट्रस्टच्या पैशाने खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत तुमच्या बहिणीच्या गावी एक ‘एज्युकेशन फाउंडेशन’ आहे, ते तिथल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांना छोटी छोटी अनुदानं देतं, आणि वडिलांच्या नावाने तुम्ही काढलेल्या ट्रस्टला नागपुरात तसंच काही करायचं आहे. करा. मी २६ वर्षं मनपाच्या शाळांत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर एका लहानशा ट्रस्टकडे येणारे शिक्षकांचे अर्ज वाचते. म्हणजे मागणाऱ्यांतही होते, देणाऱ्यांतही आहे.

तिकडची गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलू नका. तिथे शाळेचा बराचसा पैसा आपल्या घरपट्टीसारख्या स्थानिक मालमत्ता करातून येतो. कॅलिफोर्नियात १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ हा ठराव मतदारांनी मंजूर केला, त्या करावर मर्यादा आली, आणि संगीत-चित्रकलेवर कात्री चालायला लागली तेव्हा पालकांनी ठिकठिकाणी अशी फाउंडेशनं उभी केली. आपल्याकडे पगार, आठवीपर्यंतची पुस्तकं, पोषण आहार हे सरकार आणि मनपा बघतात. त्यात तुमचे पैसे घालू नका. दप्तर वाटपात तर मुळीच नको. आमच्या शाळेत एका वर्षी १५ ऑगस्टच्या आठवड्यात एकाच पोरीला तीन दप्तरं मिळाली, तिन्हींवर वेगवेगळ्या दात्यांची नावं. तिच्याकडे कंपासपेटी नव्हती, ती कोणीच दिली नाही.

मग अडतं कुठे? समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेतून १०० च्या वर आणि २५० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला ५० हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर जायला हवेत. उरलेल्यात वीजबिल, खडू, तुटलेल्या खिडक्या, गळका नळ. खेळाच्या साहित्याला वेगळे मिळतात, प्राथमिक शाळेला ५ हजार. एखाद्या शिक्षिकेच्या डोक्यात ‘पोरांना घेऊन हे करून पाहावं’ असं काही आलं, तर त्या खर्चाला लेखाशीर्षच, म्हणजे हिशेबात दाखवायला रकानाच, नसतो. ती एकतर स्वतःच्या पगारातून करते, नाहीतर सोडून देते. तुमच्या ट्रस्टची जागा बरोबर तिथे आहे.

आमच्याकडे आलेला एक अर्ज सांगते. पूर्व नागपुरातली शाळा, सातवीचा वर्ग, मागणी ४,८०० रुपयांची: बहिर्वक्र भिंगं, पुठ्ठा, गोंद, आणि रमण विज्ञान केंद्रात जायला बसभाडं. समितीवरचे एक काका म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी बैठक कशाला. दिले. डिसेंबरमध्ये मी बघायला गेले तेव्हा वर्गात अंधार केला होता. खिडकीवर चादर, चादरीला एक भोक, आणि पोरं बुटांच्या खोक्यांत डोळे घालून बसलेली. खोक्याच्या एका बाजूला भिंग, आत खोबरेल तेल लावलेला कागद पडद्यासारखा. बाहेर मैदानात एक मुलगी उन्हात उभी केली होती. आतून एकदम ओरडा झाला, “मॅडम, थे उलटी लटकून राहिली ना बापा!” मग अर्धा तास भांडण, की उलटी का. एक पोरगा म्हणे भिंगच खराब आहे. बाईंनी उत्तर दिलं नाही, भिंग काढून तिथे टाचणीने पाडलेल्या भोकाचा कागद लावला. चित्र अंधुक झालं, पण उलटंच. पोरगा गप्प. जानेवारीत ते सगळे गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात गेले. वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांनी ते याआधी फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं.

याच्या उलट, एका शाळेत (नाव नको) कोणीतरी मोठा डिजिटल फळा बसवून दिला. फीत कापली, पेढे वाटले. दोन वर्षांनी गेले तर त्यावर प्लास्टिकचं कव्हर तसंच. मुख्याध्यापकांची चूक म्हणावं का? जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या यादीत, वस्तू एकदा चढली की ती बिघडली तर जाब त्यांना, दुरुस्तीचे पैसे कोणाकडेच नाहीत. कुलूप हा त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय. म्हणून वस्तू द्यायचीच असेल तर तीन वर्षांची दुरुस्ती आणि शिकवायला माणूस, दोन्हीचा पैसा आधीच बाजूला काढा. हार्मोनियम देणारे पुष्कळ भेटतात, आठवड्यातून दोन तास वाजवायला शिकवणाऱ्याचं मानधन देणारा क्वचित. मला विचाराल तर मानधन द्या, पेटी कोणीतरी आणून देतं.

महाग लागतं असंही नाही. आपल्याकडे अपूर्व विज्ञान मेळावा भरतो, तिथे मनपा शाळांचीच मुलं प्रयोग समजावून सांगतात आणि साहित्य काय, तर बाटल्या, फुगे, स्ट्रॉ. एकदा जाऊन उभे राहा, तुमच्या ट्रस्टच्या बजेटचा अंदाज तिथेच येईल.

कागदपत्रांचं थोडक्यात. आधी मनपाच्या शिक्षण विभागाचं परवानगीपत्र, मग शाळा. शाळा व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्या. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि खरेदी स्वस्तात कुठे होते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पैसे समितीच्या खात्यात किंवा थेट दुकानदाराला, कोणाच्या हातात रोख नाही. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा) निधी पुढेमागे घ्यायचा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून ट्रस्टची नोंदणी लागेल. देणगीदारांना आयकरातली सवलत (८०जी म्हणतात ती) द्यायची तर २ हजारांच्या वरची रोख देणगी त्यात बसत नाही. बाकी तुमचा सीए सांगेल.

वेळ मात्र सांभाळा. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. अर्ज मार्चमध्ये मागवा, जुलैत पैसे पोचवा. फेब्रुवारीत पोचलेले पैसे मार्चच्या गडबडीत पावत्या जमवण्यापुरतेच खर्च होतात. मी स्वतः असे खर्च केलेले आहेत.

आमचा अर्ज एक पानी आहे. काय करायचं, किती मुलं, किती पैसे, आणि शेवटचा प्रश्न: पुढच्या वर्षी हे कोण करेल? त्या भिंगवाल्या बाईंनी लिहिलं होतं, “मीच, बदली झाली नाही तर.” झाली बदली. भिंगं जुन्या शाळेत राहिली, नोंदवहीत चढलेली होती ना. यंदा नव्या शाळेतून त्यांचा अर्ज परत आलाय, मागणी ५,३०० ची. खाली एक ओळ: बर्डीच्या बाजारात भिंगं महाग झाली आहेत, खोकी मुलं घरून आणतील.