दोन्ही बाह्या डाव्या

प्रश्न : मी परभणीत घरीच शिवणकाम करते. तुळशीचे लग्न आटोपले की लग्नसराई सुरू होते आणि दिवसाला चार-पाच अस्तराचे ब्लाउज द्यावेच लागतात. सकाळी नऊला बसते खरी. पण तेवढ्यात नळाला पाणी येते, शेजारच्या काकू फॉल-पिको घेऊन येतात, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ होते, आणि गिऱ्हाईक गळ्याची डिझाईन व्हॉट्सॲपवरच पाठवत असल्याने मोबाईल सारखा वाजत राहतो. मागच्या आठवड्यात एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच बेतल्या. कापड पैठणीतलेच, दुसरे कुठून आणणार? रात्री बारापर्यंत जागूनही काम उरते. वेळापत्रक तीनदा केले आणि तीनदा मोडले. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, ते वेळापत्रक मोडणारच होते, कारण त्यात तासांचा हिशेब होता, कामाच्या जातीचा नव्हता. फॉल लावणे, हुक-काज, तुरपाई ही कामे मध्येच सोडून उठलात, तरी सुई जिथे टोचून ठेवली तिथून पुढे जाता येते. बेतण्याचे तसे नाही. वहीतले माप, टक्सचे अंतर, कापडाची सुलट-उलट बाजू आणि काठ कुठे यायचा, हे सगळे त्या वेळी एकदम डोक्यात धरलेले असते. दारावर हाक आली की त्यातले काहीतरी निसटते, आणि काय निसटले ते कात्री चालून गेल्यावरच कळते. काठासाठी बाह्या एकेक करून बेतताना तर हा घोटाळा ठरलेलाच.

एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो आणि पुढचे काम कच्चे होते, असे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवले. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लॉम यांच्यासह त्यांनी एक साधा उपाय मांडला : उठण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर आधी काय करायचे, एवढे लिहून ठेवावे. तुम्ही ‘उजवी बाही राहिली, काठ खाली’ अशी चिठ्ठी कापडाला टाचून मगच दार उघडा. काकू तेवढ्या थांबतील.

मात्र मुळात बेतायला बसावे ते घर जागे होण्यापूर्वीच्या दीड तासात, आणि दिवसाचे सगळे ब्लाउज एकाच बैठकीत बेतून, प्रत्येकाची अस्तरासकट वेगळी गुंडाळी करून ठेवावी. त्यासाठी रात्रीचे जागरण सोडावे लागेल. तसेही दहानंतर कात्री हातात घेऊच नये, या मताचा मी आहे. वीज गेली तर मशीन थांबते, पण खिडकीशी बसून बेतता येते. नऊनंतरचा, कुणीही केव्हाही येण्याचा काळ शिलाई, तुरपाई आणि हुकांना द्या.

मोबाईलवर सध्या पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विसावा ही फ्रान्सेस्को चिरिलो यांची पद्धत फार फिरते आहे. त्यांनी स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ वापरले, म्हणून तिला इटालियन भाषेतले टोमॅटोचे नाव, पोमोदोरो, मिळाले. परीक्षेच्या मुलांना ती उपयोगी पडते. पण मुंढ्याचा गोल अर्धा कापलेला असताना घंटा झाली म्हणून कात्री खाली ठेवणे मला पटत नाही. तुमचा विसावा एक गुंडाळी बांधून झाल्यावर.

मोबाईल बेतण्याच्या वेळी दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असू द्या, कारण तो नुसता उपडा ठेवला तर हात तिकडे जातोच. ‘डिझाईन दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता पाहिले जाईल’ एवढे व्हॉट्सॲपवर लिहून ठेवलेत की दोन-तीन आठवड्यांत गिऱ्हाईक सरावते. काकूंना ‘येऊ नका’ म्हणता येत नाही, पण ‘ठेवून जा’ म्हणता येते. दाराशी एक टोपली ठेवा आणि साडीसोबत नाव व तारखेची चिठ्ठी टाकायला सांगा.

पाणी भरणे आणि गोळ्या देणे यांसाठी तुमच्या पत्रात दुसऱ्या कुणाचेच नाव नाही, हे मला खटकले. घरात दुसरे मोठे माणूस असेल तर लग्नसराईपुरते तरी त्यातले एक काम त्याच्याकडे द्या, आणि ते सगळ्यांसमोर ठरवा.

राहिला प्रश्न उरणाऱ्या कामाचा. मापाच्या वहीत मागच्या बाजूने दर दिवसाला एक पान आखा आणि ब्लाउज घेतानाच देण्याच्या दिवसाच्या पानावर नाव लिहा. नवरीचा असेल तर लग्नाच्या चार दिवस आधीच्या पानावर, म्हणजे अंगाला लावून पाहून उसवायला वेळ राहतो. एका पानावर चार नावे झाली की पुढचे पान उघडायचे, समोरची बाई कितीही घाईत असली तरी.