दाढेत सिमेंट भरल्यापासून चावताना कळ येते. डॉक्टरांचं काही चुकलं असेल का?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांपूर्वी खालच्या दाढेतली कीड काढून दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं. आधी काहीच दुखत नव्हतं, आता त्या बाजूने चावलं की कळ येते आणि थंड पाणीही लागतं. रूट कॅनॉल करावं लागेल का, ही तुमची खरी भीती.

मी बरीच वर्षं हेच काम करते. दाढ न बघता नक्की सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय उंचीवर आहे. भरलेलं सिमेंट किंचित वर राहिलं असावं. खालच्या दाढेसाठी भूल दिली की त्या बाजूचा ओठ आणि जीभ दोन-तीन तास बधिर असतात. तेव्हा 'चावून बघा, बरोबर लागतंय ना?' असं विचारलं की पेशंट 'हो' म्हणतो, कारण त्याला खरंच कळत नसतं. भूल उतरल्यावर मात्र तोंड मिटताना ती एकच दाढ आधी टेकते. दातात केस अडकला तरी आपल्याला कळतो, इतकं दाताच्या मुळाभोवतीचं आवरण हळवं असतं. दिवसभर मार खाऊन ते दुखरं होतं.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. दाढ कोरडी करून वर निळा कागद ठेवतात आणि चावायला लावतात. जिथे बरोबर टेकतं तिथे बारीक निळा ठिपका उमटतो. जिथे जास्त दाब येतो तिथे बहुतेक वेळा निळं कडं दिसतं आणि त्याच्या मधोमध शाई पुसली जाऊन चकचकीत जागा राहते. तेवढीच जागा घासायची, पुन्हा कागद, पुन्हा चावा. मग जबडा डावी-उजवीकडे सरकवूनही बघायचं, हे पुष्कळदा राहून जातं. बहुतेक वेळा भूल लागत नाही.

माझ्याच एका पेशंटबाई तीन आठवडे एका बाजूने जेवत राहिल्या. 'तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आले नाही,' म्हणाल्या. घासायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तेव्हापासून मोठं सिमेंट भरलं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करते.

थंड लागण्याचं कारण वेगळं असू शकतं. सिमेंट चिकटावं म्हणून दाताला साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल लावतात. आतल्या थरावर, म्हणजे डेंटिनवर, ती १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नसते. धुतल्यावर डेंटिन किंचित ओलसरच राहू द्यायचं. हवा मारून खडखडीत वाळवलं तर त्यातलं तंतूंचं जाळं खाली बसतं, बाँडिंग, म्हणजे सिमेंट धरून ठेवणारं चिकट द्रव, आत मुरत नाही आणि दात शिवशिवतो. शिवाय प्रकाशाने कडक होताना हे सिमेंट दोन-तीन टक्के आकसतं, म्हणून साधारण २ मिलिमीटरचे थर देत भरतात. लाळ लागली तर सगळीच मेहनत वाया. तोंडावर रबराचा पडदा लावतात तो यासाठी, तेव्हा थोडं गुदमरल्यासारखं झालं तरी नको म्हणू नका. अर्थात कीड खोल असेल तर सगळं नीट करूनही काही दिवस थंड लागतं.

थंडाने चमक येऊन काही सेकंदांत जात असेल आणि रोज थोडी कमी होत असेल, तर दोन-तीन आठवडे धीर धरा. पण गरम लागल्यावर ठणका रेंगाळत असेल, काही न खाता आपोआप दुखत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर नसेला सूज आली असण्याची शक्यता मोठी, मग रूट कॅनॉलचा विचार करावा लागतो. सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. चावताना नाही, पण दात सोडताना कळ येत असेल तर दाढेला चीर आहे का ते तपासायला हवं.

उंची राहिली असेल तर मी त्याला चूक म्हणणार नाही. बधिर तोंडात ती नेमकी साधणं अवघड असतं. तुम्ही परत गेलात आणि त्यांनी न बघताच 'सवय होईल' म्हणून पाठवलं, तर ती चूक.

तुम्हाला चावतानाही कळ येते, तेव्हा वाट बघत बसू नका, उद्याच जा. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका. तिथे नुसतं 'दुखतं' म्हणू नका. कशाने दुखतं, किती वेळ राहतं, चावताना की सोडताना, हे सांगा. आणि कागदावर चावायला लावतील तेव्हा खुर्ची सरळ करायला सांगा, कारण आडवं पडल्यावर जबडा जरा मागे सरकतो आणि चावा वेगळाच लागतो.