औश्रा आणि आपली उषा

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: 'माझ्या ऑफिसात लिथुआनियाची एक मुलगी आहे, नाव औश्रा. अर्थ विचारला तर म्हणाली, पहाट. म्हणजे आपली उषाच तिकडे गेली का?'

नातं आहे, आणि अगदी जवळचं आहे. मात्र 'तिकडे गेली' हे बरोबर नाही. लिथुआनियन ही संस्कृतची मुलगी नव्हे. दोघींना हा शब्द एकाच आदिम इंडो-युरोपीय आजीकडून, म्हणजे भारतापासून युरोपापर्यंतच्या अनेक भाषांच्या मूळ भाषेकडून मिळाला. त्याच घरातली लॅटिनची 'ऑरोरा' आणि ग्रीकांची 'एओस'; दोन्हींचा अर्थ पहाटच. शब्द आपल्याकडून उसना गेला म्हटलं की या भावंडांचं कोडं सुटतच नाही, म्हणून मी या मुद्द्यावर अडून बसतो.

'औश्रा'मधला 'र' पाहून 'उषा'शी जुळवताना अडखळायला होतं. तिथे 'उषस्'पेक्षा ऋग्वेदातला 'उस्रा' शब्द मदतीला येतो. उस्रा म्हणजे पहाट, पहाटेची तांबूस प्रभा, आणि गायसुद्धा! उषेच्या तांबड्या गायींचं वर्णन वेदात येतं ते आठवा. लिथुआनियनमध्ये या शब्दाचं क्रियापदही जिवंत आहे. 'औश्ता' म्हणजे 'उजाडतंय'. आपल्यासारखंच, कोण उजाडतंय ते सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे पहाटे दिसणाऱ्या शुक्राच्या चांदणीला 'औश्रिने' म्हणतात, आणि तेही मुलीचं नाव आहे.

या शब्दाला तिथे नुसत्या सौंदर्याचं मोल नाही. 1865 ते 1904 या काळात रशियन झारशाहीने रोमन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी घातली होती. तेव्हा 1883 मध्ये योनास बसानाविचियुस या लिथुआनियन डॉक्टरांनी सीमेपलीकडे, जर्मनीच्या प्रशिया प्रांतातल्या राग्नित गावात, एक मासिक काढलं. त्याचं नाव 'औश्रा'. अंक चोरून सीमेपार आणले जात आणि लोक ते वाचत. मासिक 1886 मध्ये बंद पडलं, पण भाषेच्या जागृतीला त्याचंच नाव चिकटलं. हेच बसानाविचियुस पुढे 16 फेब्रुवारी 1918 च्या लिथुआनियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत होते. त्यामुळे मुलीचं नाव औश्रा ठेवलं की त्यात पहाटेसोबत हेही ऐकू येतं.

लिथुआनियाचीच 'रासा' या नावाची कुणी भेटली तर तीही आपल्या ओळखीची: अर्थ दव, आणि संस्कृत 'रस' तिचा भाऊबंद.

आता 'औश्रा'चा उच्चार. नुसतं नाव घेताना जोर शेवटच्या 'श्रा'वर येतो. हाक मारताना मात्र तो सुरुवातीच्या 'औ'वर सरकतो. वैदिक संस्कृतातही नेमकं हेच होतं: प्रथमेत 'उषाः'चा स्वर शेवटी, आणि वाक्याच्या आरंभी 'उषः' अशी हाक घातली की पहिल्या 'उ'वर. तेव्हा उद्या ऑफिसात तिला हाक माराल, तेव्हा 'औ'वर जोर द्या.