चेंडू हातात नसताना

नागपूर, रविवार सकाळ

बेटा,

परवा मानकापूरच्या क्रीडा संकुलातून निघताना पार्किंगमध्ये तू विचारलंस, "सर, लीगमध्ये जायला काय करावं लागते?" मी गाडीला किक मारली आणि निघून आलो. उत्तर नव्हतं असं नाही, पण तुझी आई शेजारीच उभी होती आणि तिच्यासमोर मला बोलता येईना. म्हणून लिहितोय.

आधी हिशोब. प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम जयपूरला झाला, 8 ते 25 जून 2023. सहा संघ, 18 दिवस. आपल्या महाराष्ट्र आयर्नमेननं फायनलमध्ये गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेशला हरवलं, ते तू मोबाईलवर पाहिलंस आणि तुला हे वेड लागलं. लागू दे. पण वर्षातले उरलेले 347 दिवस पोरगं काय खाणार, असं तुझ्या आईनं मला केव्हाच विचारलंय. जर्मनीच्या हँडबॉल लीगमध्ये, बुंडेसलिगात, 18 संघ आहेत, प्रत्येकाला हंगामात 34 सामने. तिथलं कील हे शहर आपल्या नागपूरच्या एक दशांश, तरी दहा हजारांचं स्टेडियम हँडबॉलला भरतं. तिथं हँडबॉल हीच नोकरी. आपल्याकडे नोकरी शोधून मग हँडबॉल, हे अजून सुटलेलं नाही.

म्हणून बी.कॉम. सोडायचं नाव काढू नको. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते कागदावर मिळतं, गोलांवर नाही. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात घे. एका स्पर्धेचं माझं प्रमाणपत्र आयोजकांनी "पाठवतो" म्हणून ठेवून घेतलं. मी लाजेकाजेनं मागायला गेलो नाही, ते आजवर आलं नाही.

आता खेळाचं बोलू. तू डावखुरा आहेस आणि उजव्या विंगला, म्हणजे उजव्या कडेला खेळतोस, ही तुझी खरी पुंजी. त्या कोपऱ्यातून गोलसमोरच्या सहा मीटर रेषेच्या आत झेप घेतली की डावखुऱ्याचा हात मैदानाच्या मधल्या बाजूला येतो, गोलचा कोन उघडतो. उजव्या हाताच्या पोराला तो कोन मिळवायला अख्खं अंग वाकवावं लागतं. असा डावखुरा प्रत्येक प्रशिक्षक शोधत असतो. पण गोल मारणारा डावखुरा आणि संघात टिकणारा डावखुरा, यात फरक आहे बाप्पा.

गेल्या सामन्यात तू नऊ गोल मारलेस. सगळे टाळ्या वाजवत होते, मी वहीत भलतंच लिहीत होतो. तिसऱ्या गोलनंतर तू बाकाकडे वळून मूठ उगारलीस. तेवढ्यात त्यांनी मध्यातून चेंडू सुरू केला, त्यांचा डावा विंगर तुझ्या मागून सुटला आणि आपला गोलकीपर एकटा पडला. असं तीनदा झालं. म्हणजे तुझे गोल नऊ नाहीत, सहा. आणि ज्या पोरानं एकही गोल केला नाही, तो आपला पिव्हट, साठ मिनिटं त्यांच्या बचावात पाठमोरा उभा राहून कोपर-खांदे खात होता. तुझ्यासमोरची फट तोच उघडत होता. तू त्याला सामन्यानंतर पाणीसुद्धा विचारलं नाहीस. मला तेच जास्त लागलं.

आता कुठलाही सामना बघशील तेव्हा चेंडू बघू नको. उजव्या विंगवाल्यालाच बघ, तोही चेंडू दुसऱ्याकडे असताना. तो किती वेळा मागे धावतो, कुठल्या पायावर वळतो, कोणाशी बोलतो, ते लिहून आण. पहिल्यांदा कंटाळा येईल. दुसऱ्यांदाही येईल.

एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही. निवड शिबिरात माझा खांदा ठणकत होता. सांगितलं तर घरी पाठवतील म्हणून मलम चोळून खेळलो आणि दुसऱ्या दिवशी चेंडू डोक्याच्या वर जाईना. अजूनही वरच्या फळीवरचा कुकर मी काढत नाही, बायको काढते. तुझा खांदा दुखला की त्याच मिनिटाला मला सांगायचं. संघाबाहेर बसवीन, शिव्याही देईन, पण सांगायचं.

आणि पडायला शीक. मुरमावर झेप घेऊन गुडघा फोडून घेण्यात मर्दुमकी नाही. आधी मॅटवर, कुशीवर घसरत.

सोमवारी पहाटे साडेपाचला ये, ऊन चढायच्या आत. गुडघ्याचे पॅड, पाण्याची मोठी बाटली आणि ती वही. पिव्हटलाही घेऊन ये, नंतर तर्री पोहे माझ्याकडून.

हे पत्र आईलाही वाचायला दे. निदान 347 दिवसांचं जिथं लिहिलंय तेवढं तरी.

तुझा,
सर