मूर्तीवर ‘योंगल’ काळाचा लेख आहे, विक्रेता ती १५व्या शतकातली म्हणतो. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

नाही, केवळ लेखावर ठेवू नका. चीनच्या मिंग घराण्यातल्या सम्राट योंगलच्या (१४०३–१४२४) दरबारी कारखान्यात घडलेल्या मुलाम्याच्या बौद्ध मूर्ती तिबेटी लामांना भेट जात. त्यांच्या कमळासनावर सहा चिनी अक्षरं कोरलेली असतात; अर्थ साधारण ‘महान मिंग, योंगल काळात अर्पण’. अक्षरं बहुधा डावीकडून उजवीकडे, म्हणजे तिबेटी वाचनाच्या दिशेने लागतात. पण नंतरच्या कारागिरांनीही हाच लेख मूर्तींवर कोरला आहे, त्यामुळे आधी घडण बघा. कमळाच्या पाकळ्या आसनाच्या मागच्या बाजूलाही तितक्याच निगुतीने कोरल्यात का? कडेचे मणी एकसारखे आहेत का? माझ्या मते पाठ सगळ्यात जास्त बोलते, कारण नक्कल करणारा तिथेच हात आखडतो. मग मूर्ती उलटी करून तळ पाहा. आत लिहिलेले मंत्र आणि पवित्र वस्तू भरून तो तांब्याच्या पत्र्याने बंद करत, पत्र्यावर विश्ववज्र (एकमेकांवर आडवी-उभी ठेवलेली दोन वज्रं) कोरत. पत्रा नाही म्हणून मूर्ती खोटी ठरत नाही. अनेकींचे तळ नंतर उघडले गेले.

एक्स-रे फ्लुरोसन्स तपासणीत (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी) मुलाम्यात पारा सापडला, तर सोनं-पाऱ्याचा लेप तापवून चढवलाय, इलेक्ट्रोप्लेटिंग नाही, एवढं कळतं. मात्र त्यावरून वय ठरत नाही. नेपाळमध्ये पाटणचे कारागीर आजही याच पद्धतीने मुलामा देतात.