बेलग्रेडचा कालेमेगदान किल्ला अर्ध्या दिवसात पाहून होतो का? सुरुवात कुठून करावी?

होतो, फक्त क्रम नीट ठेवा. सावा आणि डॅन्यूब जिथे मिळतात, त्या टेकडीवरचा हा किल्ला. 1867 साली ऑटोमन सैन्याने तो सोडला आणि तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या मैदानावर 1869 पासून बाग उभी राहू लागली. बागेत आणि तटावर फिरायला तिकीट नाही. लष्करी संग्रहालयाला आहे, आणि ते सोमवारी बंद असतं.

क्नेझ मिहाइलोवा हा पादचारी रस्ता संपतो तिथूनच आत शिरा. इस्तंबूल दरवाजा, मग घड्याळाचा मनोरा, मग वरचा किल्ला. ‘रोमन विहीर’ रोमन नाही, अठराव्या शतकात ऑस्ट्रियनांनी खोदलेली आहे. तिच्याजवळच इव्हान मेश्त्रोविचचा ‘विजेता’ पुतळा (1928). नग्न पुतळा भर शहरात नको, अशी ओरड झाली म्हणून तो इथे आला.

एक जागा मात्र चुकवू नका: ईशान्येकडच्या उतारावरचं रुझिका चर्च. आतली झुंबरं पहिल्या महायुद्धातल्या गोळ्यांच्या पुंगळ्या आणि तलवारी जोडून केली आहेत. अगदी खाली उभं राहून वर पाहा, एकेक पुंगळी वेगळी ओळखू येते.

लोक चुकतात ते नेबोयशा बुरुजापाशी. तो पार खाली, डॅन्यूबच्या काठाला आहे. तो शेवटी ठेवा आणि तिथूनच काठाकाठाने बाहेर पडा, नाहीतर सगळी चढण पुन्हा चढावी लागेल. तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि पावसात फरसबंदी निसरडी होते. लहान मुलांचा हात सोडू नका.