यादी बदलते, लेबल बदलत नाही: जावाएफएक्स शिकताना

जावाएफएक्समध्ये (जावातली खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) यादी बदलली की तिची संख्या किंवा बेरीज दाखवणारं लेबल आपोआप बदलावं, म्हणून बाइंडिंग वापरावं का, असं तुम्ही विचारलंत. तुमची दिशा बरोबर आहे. प्रत्येक बटणाच्या कोडमध्ये 'सेटटेक्स्ट' (लेबलचा मजकूर स्वतः बदलायची आज्ञा) लिहीत बसण्यापेक्षा बाइंडिंग करणं, म्हणजे लेबल यादीला एकदाच जोडून ठेवणं, केव्हाही चांगलं. नुसती संख्या दाखवायची असेल तर 'बाइंडिंग्ज.साइज' पुरतं. सगळ्या वस्तूंच्या नगांची बेरीज हवी असेल तर 'क्रिएटस्ट्रिंगबाइंडिंग' घ्या: आधी हिशेबाचं फंक्शन द्या, मग तो हिशेब ज्या यादीवर अवलंबून आहे ती यादी. ही यादी द्यायची राहिली तर एरर येत नाही, लेबल फक्त पहिल्याच आकड्यावर अडकून बसतं.

सगळ्यात जास्त जण अडकतात ते पुढच्या गोष्टीवर. ऑब्झर्वेबललिस्टला (बदल झाला की कळवणारी जावाएफएक्सची यादी) वस्तू आली-गेली एवढंच कळतं. आत असलेल्या वस्तूचे नग २ वरून ५ केले, तर यादीला पत्ताही लागत नाही आणि बेरीज जुनीच राहते. त्यासाठी यादी बनवतानाच 'ऑब्झर्वेबलअ‍ॅरेलिस्ट'ला एक्स्ट्रॅक्टर द्या, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या कोणत्या प्रॉपर्टीवर लक्ष ठेवायचं ते सांगा. नग साधा इंट (नुसता पूर्णांक) असेल तर आधी तो इंटिजरप्रॉपर्टी (बदलला की कळवणारा पूर्णांक) करा. इथे थोडा वेळ घालवाच, अर्ध्याहून जास्त डोकेदुखी इथेच संपते.

बाकी दोन चुका:
- बाइंड केलेल्या लेबलवर 'सेटटेक्स्ट' केलं की एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालू असताना येणारी एरर) येतं.
- नवी यादी बनवून जुन्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, तरी लेबल जुन्याच यादीकडे बघत राहतं. त्याऐवजी 'सेटऑल' वापरून त्याच यादीतल्या वस्तू बदला.

थ्रेड आणि वीक लिसनर हे पुढचे विषय सध्या बाजूला ठेवा. आधी एक लेबल, एक यादी आणि नग बदलणारं एक बटण एवढंच चालवून बघा. अडलात तर यादी बनवायची ओळ इथे टाका, लगेच बघतो.